बाटली जोमाने हलवा

पुढची सगळी पानं एकाच इंग्रजी शब्दाने अडवलेली आहेत: व्हिगरसली. शाळेत आपण त्याचा अर्थ ‘जोराने, जोमाने’ असा पाठ केला, परीक्षेत एखादा गुण मिळवला आणि तो शब्द तिथेच सोडून दिला. मीही सोडला होता. एका क्रियाविशेषणावर पुस्तिका म्हणजे सुतावरून स्वर्ग, असं घरात म्हणून झालं आहे. तरी लिहिली, कारण या शब्दाने माझी एकदा चांगली फजिती केली आणि त्या फजितीतून एक वही सुरू झाली. त्या वहीची ही पुस्तिका.

भाषांतराच्या कामाला लागून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. लहान मुलांच्या एका औषधाचं माहितीपत्रक मराठीत करायला आलं. कोरडं सिरप: बाटलीत पावडर असते, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं आणि हलवायचं. इंग्रजीत दोनच शब्द होते, शेक व्हिगरसली. कोशात ‘जोमाने’ सापडलं, मी ‘बाटली जोमाने हलवा’ असं लिहून मोकळी झाले. छापील कागद हातात आल्यावर कौतुकाने गल्लीतल्या औषधाच्या दुकानात नेऊन दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद लांब धरून वाचला आणि म्हणाले, “ताई, ही बाटली आहे की ज्वारीचं पीक? जोमाने काय हलवा?”

तेवढ्यात एक बाई चिठ्ठी घेऊन आल्या, कडेवर तापाने मलूल झालेलं पोर. औषध नेमकं तसलंच होतं. काकांनी झाकण उघडायच्या आधी बाटली उलटी धरून बुडाला टिचक्या मारल्या. तळाशी बसलेली पावडर सुटी झाली. मग खुणेच्या बरंच खाली राहील इतकं पाणी घातलं, झाकण आवळलं आणि हात कोपरापासून हलवत बाटली अशी हलवली की आतली खळखळ मला काउंटरच्या अलीकडे ऐकू आली. ट्यूबलाइटसमोर धरून तळ पाहिला. कोपऱ्यात एक गठळी होती. पुन्हा हलवली. मग खुणेपर्यंत पाणी, आणि आणखी एकदा. बाईंना म्हणाले, “दर वेळी देण्याआधी अशीच खळखळून हलवायची. तळाला साका राहिला तर पहिला चमचा पाणचट जाईल आणि शेवटच्या चमच्यात सगळं औषध येईल.”

बाई गेल्या. कागद माझ्याकडे परत करताना काका काही बोलले नाहीत, ते बरं झालं.

घरी येऊन मी त्यांचं वाक्य लिहून ठेवलं आणि शेजारी माझं. माझ्या वाक्यातला शब्द कोशाप्रमाणे बरोबर होता, पण बाटली हातात घेतलेल्या आईला त्यातून काहीच कळणार नव्हतं. किती वेळ हलवायची, कशी हलवायची, पुरे झालं हे ओळखायचं कशावरून? इंग्रजी क्रियाविशेषण फक्त जोराचं माप सांगतं, बाकी सगळं क्रियापदावर आणि वाचणाऱ्याच्या अनुभवावर सोपवतं. काकांच्या ‘खळखळून’मध्ये आवाज होता, बाटलीत पातळ काहीतरी आहे हे होतं, आणि आवाज येईपर्यंत थांबायचं नाही हेही होतं. या पुस्तिकेत मला जे म्हणायचं आहे ते एवढ्यात आलं. व्हिगरसलीचा मराठी अर्थ त्याच्या शेजारच्या क्रियापदाला विचारल्याशिवाय सांगता येत नाही. आणि ते क्रियापद कुणाच्या हातात आहे, तो हात कशावर चालतो आहे, हेही मराठी विचारते.

जाता जाता, ज्यांच्या घरी औषधं आहेत त्यांच्यासाठी: प्रत्येक बाटली अशी हलवायची नसते. दुधट दिसणारं इन्सुलिन दोन तळव्यांमध्ये हळुवार घोळवायचं असतं. तपासणीसाठी घेतलेल्या रक्ताची नळी हलकेच उलटसुलट करायची असते, कारण ती खळखळून हलवली तर तांबड्या पेशी फुटतात आणि तपासणी वाया जाते. घोळवणं आणि खळखळवणं यांतला फरक मराठीत क्रियापदातच आहे.

आता शब्दाच्या घराण्याकडे वळू. लॅटिनमध्ये ‘विगेरे’ असं क्रियापद होतं. तरारून असणं, टवटवीत असणं, अंगात बळ असणं असा त्याचा अर्थ. तो माणसांना लागे तसा झाडापेडांनाही लागे. त्यावरून ‘विगोर’ हे नाम, ते जुन्या फ्रेंचमार्गे मध्ययुगात इंग्रजीत आलं. भावंडं पाहिली तर गंमत आहे. रात्रभर जागून पहारा किंवा प्रार्थना करणं म्हणजे व्हिजिल, ते याच कुळातलं. आणि व्हेजिटेबलसुद्धा! आज ज्याला आपण भाजी म्हणतो त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘वाढणारं, जिवंत’ असा होता. त्याच मुळापासून निघालेलं व्हेजिटेट हे क्रियापद मात्र आता निपचित, काही न करता पडून राहण्यासाठी वापरतात. एकाच घरात एक भाऊ तालमीत आणि दुसरा दिवसभर खाटेवर, तसं. याच धातूशी संस्कृतातला ‘वाज’ म्हणजे बळ आणि ‘वज्र’ यांचं नातं अभ्यासकांनी जोडलं आहे. वाज ज्याच्या अंगी तो ‘वाजी’, म्हणजे घोडा. आणि आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाचं नाव वाजीकरण, ते याच शब्दावरून.

म्हणजे काकांनी ज्वारीचं पीक काढलं ते उगाच नव्हतं. मराठीत जोम हा मुळात वाढीचा शब्द आहे. पीक जोमात आहे, वेल जोमाने वाढली, रोपांना जोम नाही, असं आपण सहज म्हणतो. बाटलीला जोम नसतो, कारण तिला स्वतःचा जीव नाही. तिला हलवणाऱ्या हाताचा फक्त जोर असतो. माझं भाषांतर दुकानात हसण्यावारी गेलं, पण एखाद्या लॅटिन शेतकऱ्याला ते चाललं असतं.

शेतीचं निघालंच आहे तर हायब्रीडचंही सांगते. दोन वेगळ्या वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीचं पीक दोन्ही आईबापांपेक्षा सरस निघतं, याला इंग्रजीत हायब्रीड व्हिगर म्हणतात. जॉर्ज शल यांनी 1908 पासून मक्यावर हे दाखवून दिलं आणि 1914 मध्ये त्याला हेटेरोसिस असं भारदस्त नाव दिलं. शास्त्रज्ञांनी नाव बदललं, तरी शेतकऱ्यांच्या तोंडी व्हिगर टिकला, कारण तो डोळ्यांना दिसतो. आपल्याकडे 1964 मध्ये सीएसएच-1 ही पहिली संकरित ज्वारी आली आणि थोड्याच वर्षांत ‘हायब्रीड’ हे ज्वारीचंच नाव होऊन बसलं. हायब्रीडची भाकरी, हायब्रीडचा कडबा. म्हाताऱ्या माणसांनी नाक मुरडून नव्या पिढीलाही ‘हायब्रीड’ म्हणायला सुरुवात केली: दिसायला उंच, आत दम नाही. मूळ शब्दात दमच भरलेला होता, हे त्यांना सांगायला कोण जाणार. या जोमाची एक खोड मात्र आहे. तो पुढच्या पिढीत तसाच उतरत नाही, म्हणून बियाणं दर साल विकत घ्यावं लागतं.

शब्दाच्या उरलेल्या तुकड्यांतही काहीतरी आहे. मधला ‘अस’ हा लॅटिन प्रत्यय, ‘भरलेला’ अशा अर्थाचा. शेवटचा ‘ली’ मात्र अस्सल इंग्रजी. जुन्या इंग्रजीत ‘लीक’ म्हणजे देह. जर्मनमध्ये प्रेताला ‘लाइखं’ म्हणतात, तो याचाच सख्खा. त्या देहावरून ‘रूप’, रूपावरून ‘रीत’, असा घसरत घसरत तो इंग्रजी क्रियाविशेषणांचा ठरीव प्रत्यय झाला. तेव्हा व्हिगरसली म्हणजे अक्षरशः ‘जोमाने भरलेल्या अंगाने’. हे कळलं त्या दिवशी मला मराठीतला ‘अंगचोर’ आठवला. काम करताना अंग राखणारा तो अंगचोर, आणि जो राखत नाही तो अंग मोडून काम करतो. जोर शेवटी अंगातच शोधावा लागतो, यावर दोन्ही भाषांचं एकमत दिसतं. लिहिताना एक काळजी घ्यावी: ब्रिटिश वळणात व्हिगर या नामात यू असतो, पण विशेषणात आणि क्रियाविशेषणात तो गळतो. यू घातलेलं व्हिगरसली मी चांगल्या चांगल्यांच्या हातून पाहिलं आहे, स्वतःच्याही.

‘जोर’ हा आपला नेहमीचा शब्द फारसीतून आला. पण माझ्या आजोबांच्या तोंडी जोर हे क्रियाविशेषण नव्हतंच, ते मोजायचं नाम होतं. सकाळी पन्नास जोर आणि शंभर बैठका. हात जमिनीला टेकून छाती खाली नेऊन वर उचलायची, तो एक जोर. “जोर किती काढलेस?” असं ते विचारत. त्यामुळे लहानपणी कुणी “जोरात पळ” म्हटलं की मला पळता पळता मध्येच ओणवं व्हायचं आहे की काय अशी शंका येई.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये व्यायामाबद्दलच्या शिफारशी दिल्या. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं व्हिगरस व्यायाम करावा. या व्हिगरसचं भाषांतर कुणी ‘जोरदार’ केलं, कुणी ‘तीव्र’. जोरदार तर पाऊस असतो आणि तीव्र वेदना. पण इंग्रजीतच त्याची एक साधी कसोटी सांगतात. व्यायाम करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतं, तो व्हिगरस. मराठीत याला तयार शब्द आहे, धाप. ‘धाप लागेल असा व्यायाम’ असं लिहिलं की पुढचं स्पष्टीकरण गाळता येतं. आजोबांचे पन्नास जोर या हिशोबात कुठे बसले असते ते सांगायला नको.

इंग्रजीत हा शब्द एकटा राहत नाही, त्याच्या अलीकडे-पलीकडे शेजारी आहेत. कमी जोरापासून सुरुवात केली तर आधी जेंटली, मग ब्रिस्कली, मग व्हिगरसली आणि शेवटी व्हायोलंटली. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत ही उतरंड जपून वापरतात आणि तिथे शब्द चुकला तर बोटं भाजतात. सोडिअमचा छोटा तुकडा पाण्यात टाकला तर तो वितळून गोळी होतो आणि फसफसत पृष्ठभागावर सैरावैरा धावतो. पोटॅशिअमचा तेवढाच तुकडा टाकला तर लगेच जांभळट ज्योत उठते. पहिल्याला व्हिगरसली आणि दुसऱ्याला व्हायोलंटली म्हटलं, की प्रयोगशाळेतला सहायक दुसऱ्या वेळी दोन पावलं मागे सरकतो. मराठीत दोन्हीकडे ‘जोरदार अभिक्रिया’ लिहिलं तर तो सरकणार नाही. इथे क्रियाविशेषणाचा हट्ट सोडून ‘फसफसतो’ आणि ‘भडका घेतो’ अशी दोन क्रियापदं वापरली तर मला वाटतं पुस्तकही सुधारेल आणि बोटंही वाचतील.

अर्थाच्या अंगाने जवळ येणारे शब्द आणखी आहेत. व्हेहेमंटलीमध्ये भावना पेटलेली असते, तो बहुतेक बोलण्यालाच लागतो. आपलं ‘पोटतिडकीने’ किंवा ‘तावातावाने’. स्ट्रेन्युअसलीमध्ये कष्ट आणि ताण असतो, आपलं ‘नेटाने’ त्याच्या जवळ जातं. फोर्सफुलीमध्ये समोर काहीतरी अडथळा असतो आणि तो ढकलायचा असतो. व्हिगरसलीत अडथळा असलाच पाहिजे असं नाही. आतून उसळी हवी. म्हणूनच पाणी व्हिगरसली उकळतं, रोप व्हिगरसली वाढतं, माणूस व्हिगरसली मान हलवतो, पण इंग्रज माणूस पाऊस व्हिगरसली पडला असं सहसा म्हणत नाही. त्याच्या पावसाला हेव्हिली लागतं. झोपेलाही हा शब्द चालत नाही, चालवला तर विनोद होतो. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो आणि माणूस ताणून देतो. ताणून देण्यात जोर आहे की नाही, हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला होता, तो तसाच राहिला आहे.

मराठीकडे या कामासाठी काय आहे? शाळेच्या व्याकरणात रीतिवाचक क्रियाविशेषणांच्या पोटात एक अनुकरणदर्शक म्हणून प्रकार शिकवतात: झटकन, पटपट, टपटप, बदाबद, गटागट. दोन उदाहरणं देऊन गुरुजी पुढे जातात. माझ्या मते मराठीचा निम्मा जोर त्या पोटप्रकारात आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, 1831 चा आणि मग वाढवलेला 1857 चा, कुठेही उघडून बसा. तो गोरा लष्करी अधिकारी असल्या आवाजी शब्दांमागे हात धुऊन लागलेला दिसतो. एकेका शब्दाचा अर्थ सांगायला त्याला चार-चार ओळी लागतात, कारण त्याच्या भाषेत त्याला तेवढा एक शब्द मिळत नाही. मी नेमक्या उलट्या टोकाला उभी आहे. माझ्यासमोर इंग्रजीचा एक शब्द आहे आणि मला मराठीचे चाळीस खुणावतात.

अंग खसाखसा चोळतात, भांडं घसाघसा घासतात, झाड गदागदा हलवतात आणि झोपलेल्या माणसालाही. आमटी रटरट शिजते, चहाचं पाणी खळखळ उकळतं. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. पाठ घसाघसा घासली तर सालटं निघतील, आणि आमटी खळखळ उकळायला लागली तर समजावं की डाळ कमी पडली. इंग्रजीत या सगळ्या ठिकाणी व्हिगरसली चालून जातं. ‘ऊन’ने संपणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. कडकडून मिठी मारतात, कडकडून भूक लागते आणि डास कडकडून चावतो, पण विरोध करायचा झाला तर तो कडाडून. एखाद्या अक्षराचा फरक, मात्र ‘कडकडून विरोध’ असं कुणी म्हटलं तर मराठी माणूस हसतो आणि ‘कडाडून मिठी’ म्हटलं तर घाबरतो. खच्चून ओरडतात आणि पिशवी खच्चून भरतात. सपाटून मार खातात, सपाटून भूक लागते. जोर तोच, पण तो कुठल्या क्रियापदाशी सोयरीक करील हे ठरलेलं असतं, आणि तिथे पत्रिका जमल्याशिवाय काही होत नाही.

आवाजी शब्दांचं माझं हे प्रेम पाहून कुणाला वाटेल, की प्रत्येक व्हिगरसलीच्या जागी एक खळखळ किंवा घसाघस बसवली की झालं. तसं केलं तर कोर्टातला वकील खळखळून युक्तिवाद करताना दिसेल. जिथे शरीर नाही, तिथे मराठी दुसरी पेटी उघडते. बाजू हिरीरीने मांडतात. पाठपुरावा नेटाने करतात. तपास आणि सराव कसून करतात. कायद्याची अंमलबजावणी कडक असते. आरोप फेटाळताना इंग्रजी वृत्तपत्रांत हमखास येणारं ‘व्हिगरसली डिनाइड’ मराठी बातमीत ‘साफ इन्कार’ होऊन येतं, आणि मला ते भाषांतर आवडतं, कारण त्यात जोर न दाखवता जोर आहे. इंग्रजी वाचकाला तर ते व्हिगरसली वाचूनच संशय येऊ लागतो, की एवढ्या जोराने नाकारण्यासारखं काय आहे?

शब्दाच्या जागेबद्दल थोडक्यात. इंग्रजीत सूचना देताना तो बहुधा शेवटी येतो, बाटली हलवा म्हटल्यानंतर. बातमीत तो क्रियापदाच्या आधी येतो. टू आणि क्रियापद यांच्या मध्ये तो घालावा की नाही यावरून इंग्रजी वैयाकरणांनी एकोणिसाव्या शतकापासून शाई सांडली आहे, आपण त्यात पडायचं कारण नाही. मराठीत तो क्रियापदाला चिकटून आधी येतो. बोलताना तो मागे ढकलला, ‘हलव ना जरा जोरात’, तर सूचनेचं रागावणं होतं.

मान हलवण्याचं एक प्रकरण मी मुद्दाम मोठं ठेवलं आहे. कथा-कादंबऱ्यांत माणसं सारखी व्हिगरसली मान हलवत असतात. इंग्रजीत होकाराचं क्रियापद वेगळं आणि नकाराचं वेगळं. मराठीत मान डोलावली म्हणजे हो, पण मान हलवली म्हणजे काय ते आसपासच्या वाक्यांवरून ओळखायचं. त्यात ‘जोरजोरात’ घातलं की माणूस अंगात आल्यासारखा दिसू लागतो. मी एकदा एका कथेत ‘तिने जोमाने मान हलवली’ असंही वाचलं आहे आणि ते माझं नव्हतं, याचा आनंद अजून ओसरलेला नाही. ‘छे छे, असं तिने मानेनेच सांगितलं’ असं लिहिलं तर जोर ‘छे छे’मध्ये जातो.

क्रियाविशेषणांवर इंग्रजी लेखकांचाच राग आहे हेही सांगायला हवं. स्टीफन किंग यांनी 2000 साली लेखनावर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी या जातीची यथेच्छ धुलाई केली आहे. त्याआधी, 1918 मध्ये, विल्यम स्ट्रंक या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी शैलीवर एक छोटी पुस्तिका छापून घेतली होती. पुढे 1959 मध्ये ई. बी. व्हाइट यांनी ती वाढवल्यावर ती जगभर गेली. अनावश्यक शब्द गाळा, या नियमाखाली स्ट्रंक सांगतात, की जे लेखन व्हिगरस असतं ते आटोपशीर असतं. म्हणजे शब्द छाटायचा सल्ला देताना त्यांना आपल्याच शब्दाचं विशेषण लागलं. दुसऱ्या टोकाला जॉन केनेडी. व्हिगर हा त्यांचा लाडका शब्द, भाषणांत तो सारखा येई, आणि बॉस्टनच्या बोलीत शेवटचा र गिळून ते त्याचा ‘व्हिगा’ करीत. नकलाकारांना ते आयतं सापडलं. ज्याची पाठ आयुष्यभर दुखत होती त्या माणसाने सगळ्या देशाला जोमाने राहायला सांगावं, यात मला नक्कल करण्यासारखं काही दिसत नाही.

पुस्तिकेची मांडणी क्रियापदांप्रमाणे केली आहे. आधी हाताची कामं: हलवणं, घासणं, चोळणं, फेटणं. मग आगीची आणि पाण्याची. मग वाढीची. शेवटी तोंडाची, म्हणजे भांडणं, नाकारणं, बाजू घेणं. प्रत्येक इंग्रजी वाक्याखाली एकाहून अधिक मराठी वाक्यं आहेत आणि काही ठिकाणी नुसती रेघ आहे. तिथे वाचकांनी स्वतःचं लिहावं. माझ्या रेघांपैकी दोन एका वाचक मैत्रिणीने हस्तलिखितातच भरून टाकल्या, त्या तिच्या शब्दांसह छापल्या आहेत.

सगळ्यात शेवटी आलेलं वाक्य मात्र हाताचंही नाही आणि तोंडाचंही नाही. परिचारिकांच्या प्रशिक्षणाची एक पुस्तिका मराठीत करताना ते भेटलं. नवजात बाळाबद्दल इंग्रजी वैद्यकात ‘व्हिगरस’ हा काटेकोर शब्द आहे. श्वास दमदार चालू हवा, हातापायांत ताण हवा, हृदयाचे ठोके मिनिटाला 100 च्या वर हवेत. तिन्ही असतील तर बाळ व्हिगरस. पूर्वी बाळाने पोटातच शी केलेली असेल आणि ते व्हिगरस नसेल, तर त्याच्या श्वासनलिकेत नळी घालून ती साफ करीत. 2015 च्या मार्गदर्शक सूचनांपासून ते सरसकट करायचं थांबलं. म्हणजे या एका शब्दावर इवल्याशा घशात नळी घालायची की नाही हे ठरत होतं. मी ‘सशक्त बाळ’ लिहून पाहिलं, ते जाहिरातीतलं वाटलं. ‘जोमदार’ लिहिलं आणि काकांची ज्वारी डोळ्यांपुढे आली. शेवटी तालुक्याच्या रुग्णालयातल्या एका अनुभवी सिस्टरांकडे गेले.

त्या म्हणाल्या, “आम्ही एवढंच विचारतो, बाळ रडलं का?”

“आणि हातपाय?”

“झाडतंय म्हणतो. ठोके मोजतो, ते काय शब्दांत सांगायचे!”

मी तिथेच बसून लिहिलं: बाळ खणखणीत रडतं आहे, हातपाय झाडतं आहे, ठोके 100 च्या वर आहेत. कागद त्यांच्यापुढे केला. त्यांनी पेन घेऊन ‘खणखणीत’वर काट मारली.

“रडलं म्हणजे रडलं हो. नीट नाही रडलं तर आम्ही कुरकुरलं म्हणतो.”